मेलेला मासा आणि केसाळ किडा
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



 

समितीने आम्हाला ‘विज्ञान आणि आपण’ असा विषय दिला होता. ग्रहणावर चार पाने टिपणेही काढून ठेवली होती. ती आम्ही घरीच ठेवून आलो. ग्रहण काही पळून जात नाही, ते पुढच्या वर्षी सांगू. पण मागच्या महिन्यात आपल्याच गल्लीत एका घरी जे घडले, त्याची चर्चा दळणाच्या गिरणीपासून विहाराच्या पायरीपर्यंत झाली. आणि ज्याने-त्याने ती आपापल्या परीने रंगवली. त्या घरातल्यांची परवानगी घेऊनच आम्ही आज बोलत आहोत. नावे सांगणार नाही, ज्यांना माहीत आहेत त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगू नयेत.

या घरातला मुलगा आमचा विद्यार्थी. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर कामाला जातो. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याने मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात समुद्र शिरला. सांगलीत समुद्र कुठला? पण पोरगा चिकाटीचा. दोन वर्षे पैसे साठवून त्याने समोरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी बसवली. साधी गोड्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. पाणी मावते दोनशे लिटरच्या आतबाहेर, आणि एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने त्यात सात किलोच्या आसपास मीठ लागते. हे आपल्या भाजीतले मीठ नव्हे बरं का, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेले खास मिश्रण मिळते. पाणी आटले की वरून मात्र गोडेच पाणी घालायचे, कारण आटते ते पाणी, मीठ मागेच राहते. आमच्या काही शेजाऱ्यांनी त्याला दर आठवड्याला मीठ टाकायचा सल्ला दिला होता. तो त्याने ऐकला नाही हे बरे झाले.

परदेशात अशा टाकीत जिवंत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडे ते करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली प्रवाळ आणि समुद्री घोडा यांना घातले. म्हणजे वाघाला जो दर्जा तोच प्रवाळाला. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, पण त्याचा तुकडा घरी आणणे गुन्हा आहे. मुलाला आम्ही हे आधीच सांगितले होते. त्याने भाजलेल्या मातीचे, भोके असलेले खडक लावले, खाली वाळू पसरली. दोन नारिंगी विदूषक मासे आणले. यांची पैदास आता हॅचरीत होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. शिवाय तीन निळे डॅमसेल, वाळू चाळणारा वीतभर लांबीचा एक गोबी, आणि शंखात राहणारे चार खेकडे.

आता घरात या मुलाची आजी आहे. नव्वदीकडे झुकलेली. गल्लीतले सगळे तिला आक्का म्हणतात, आम्हीही म्हणतो. आक्काला रात्री झोप कमी. एका पहाटे ती पाणी प्यायला उठली आणि टाकीपुढे गेली. पाहते तो एक निळा मासा वाळूवर आडवा, आणि खडकाच्या भोकांतून निघालेले दोन-तीन लांब, गुलाबी-तांबूस, अंगावर केस असलेले किडे त्याला भिडलेले. बाजूला एक शंखातला खेकडा नांगीने मांस तोडून तोंडात घालतोय. आक्काने घर डोक्यावर घेतले. “मढं खात्यात रं! घरात मढं खाणारं आणून ठिवलंस व्हय?”

हे किडे दुकानातून आणलेले नसतात. खडकाला, वाळूला चिकटून अंडी-पिल्ले येतात आणि वाढतात. गांडूळ ज्या वलयी प्राण्यांच्या गटातले, त्याच गटातले हे. अंगाच्या दोन्ही बाजूंना काचेच्या तंतूंसारखे बारीक केस. हाताला लागले तर खाजकुयरी लागल्यासारखी आग होते. दिवसा भोकात, रात्री बाहेर. दिसायला ओंगळ, याबद्दल आमचेही दुमत नाही.

मुलाचीही समजूत झाली की किड्यांनीच मासा मारला. आजीचा हट्ट, घरात कटकट. त्याने चिमटा घेतला आणि आठ रात्री जागून एकेक किडा वेचून काढला. खेकडे दुकानदाराला परत दिले. टाकी स्वच्छ दिसू लागली. आक्काचे समाधान झाले.

आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर आम्ही एवढेच विचारले असते, की मासा आधी मेला की किडे आधी आले? मेलेल्या डॅमसेलची शेपटी आणि पर फाटलेले होते, हे मुलाला नंतर आठवले. डॅमसेल ही मोठी भांडकुदळ जात. अपुऱ्या जागेत तिघांना ठेवले की दोघे मिळून तिसऱ्याला कोपऱ्यात धरतात, खाऊ देत नाहीत, टोचून टोचून बेजार करतात. तो मासा भावकीच्या मारामारीत मेला होता. टाकीत सापडणारे हे नेहमीचे केसाळ किडे धडधाकट माशाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना वास लागतो तो मेलेल्याचा किंवा मरणाऱ्याचा. पण मढ्याजवळ जो सापडला तोच खुनी, हा न्याय फार जुना आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

तीन आठवडे गेले. एके दिवशी गोबी दिसेनासा झाला. वाळूत पुरून बसला असेल म्हणून मुलाने लक्ष दिले नाही, त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. दुसऱ्या दिवशी पाणी दूध एक थेंब पडल्यासारखे धुरकट झाले. तिसऱ्या दिवशी एक विदूषक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. मुलगा सकाळी सातला तसाच आमच्याकडे आला, डोळे तांबारलेले. आम्ही गेलो तेव्हा खोलीत वास सुटला होता. त्याच्याकडे पाणी तपासायची छोटी पेटी होती. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले तर पिवळे राहायला हवे ते गर्द हिरवे झाले. अमोनिया.

बालमित्रांनो, इथे जरा लक्ष द्या, परीक्षेलाही येते. माशाच्या शरीरात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र असते. शरीर सडू लागले की सडवणारे जिवाणू ते फोडतात आणि नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, सामू आठच्या थोडा वर, आणि अशा पाण्यात अमोनियाचा जहाल भाग जास्त असतो. निसर्गात याच्यावर उतारा आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य. हे जिवाणू खडकांच्या भोकांत, वाळूच्या कणांवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि बसली तरी ती रोजच्या विष्ठेला पुरेल एवढीच असते. वीतभर मासा एकदम सडायला लागला तर एवढीशी वस्ती कुठे पुरी पडणार? पंचवीस माणसांच्या पंगतीला पाचशे माणसे आल्यासारखे होते.

मग किडे आणि खेकडे असते तर काय झाले असते? ते मेलेल्या माशाला रात्रीत निम्मा करतात. काही लोक म्हणतात की ते घाण नाहीशी करतात. तसे नाही, नत्र कुठे जात नाही. किडाही विष्ठा टाकतो, अमोनिया सोडतो. पण त्यातला काही भाग त्याच्या स्वतःच्या अंगाला लागतो, आणि उरलेला थोडा थोडा करून बाहेर येतो. मढे एका जागी सडून दोन दिवसांत जे विष ओतणार, ते पुष्कळ पोटांत वाटले जाते आणि जिवाणूंना उसंत मिळते. फरक आहे तो वेळेचा. गोबीचे प्रेत आम्हाला मागच्या खडकाखाली सापडले, पांढऱ्या बुळबुळीत थराने झाकलेले, एक घासही कोणी न खाल्लेले. त्याला उपास घडला होता. हा मासा वाळू चाळून त्यातले बारीक जीव खातो, नव्या टाकीच्या वाळूत तेवढे जीव नसतात. पोट भरल्याचे सोंग करत तो रोज वाळू चाळत होता आणि रोज रोडावत होता. हे आमच्याही ध्यानात आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

निम्मे पाणी बदलले, हवेचा पंप सोडला. तरी त्या दिवशी एक विदूषक आणि एक डॅमसेल गेलाच.

संध्याकाळी आम्ही मुलाला हेच समजावत होतो, की तू किडे काढलेस ही चूक झाली, मेलेले खाणारे टाकीत हवेत. आक्का भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “गुर्जी, मंग आमच्या बाला का सोडाय लावलं?”

आम्ही गप्प झालो. सदतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आक्काचे माहेर सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या बाजूचे. तिचे वडील, म्हणजे तिचा ‘बा’, गावचे महारकीचे काम करीत. गावातले ढोर मेले की सांगावा यायचा. पाय बांधून, बांबू घालून ओढत न्यायचे, फाडायचे, कातडे द्यायचे, मांस वाटून घ्यायचे, उरलेल्याच्या चान्या करून वाळवायच्या. त्या बदल्यात बलुते आणि हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा. आक्का आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या बाने हे सोडले. घरातली चान्यांची उतरंड तिच्या डोळ्यांदेखत फोडली. गावाने पीठ-मीठ बंद केले, विहिरीच्या बाजूची वाट बंद केली. मग सगळे बिऱ्हाड सांगलीला आले आणि बा हळदीच्या पेठेत हमाली करू लागला. मरेपर्यंत त्याची पाठ पिवळी होती, असे ती सांगते. त्या माणसाच्या लेकीच्या घरात, सोफ्यासमोर, दिवे लावून, काचेत मढे खाणारे जीव ठेवलेले! तिला काय वाटले असेल याचा विचार आम्ही त्या दिवसापर्यंत केला नव्हता. तिची ती किळस नव्हती, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तिला उत्तर द्यायला आम्हाला चार दिवस लागले. जे दिले तेच इथे सांगतो.

आमचेही मूळ साताऱ्याकडचे. ज्या साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, त्याच जिल्ह्यातले एक खेडे. आम्ही लहान असताना, साठीच्या दशकात, आपल्या लोकांनी काम सोडलेले होते. मेलेले जनावर मालकच कोणाकडून तरी माळावर टाकून घ्यायचा. मग गिधाडे यायची. आधी आभाळात एक ठिपका, मग दहा, मग पन्नास. आम्ही पोरे बांधावर बसून बघायचो. मोठा बैल असला तरी तासाभरात बरगड्यांचा सांगाडा उरायचा, वाससुद्धा नाही. आमच्या आजोबांना गिधाड दिसले की ते मान फिरवायचे. आम्हाला वाटायचे, अपशकून मानतात. पुढे कळले की जनावर दगावले की पहिला संशय महारवाड्यावर यायचा. यांनीच विष घातले, यांना कातडे पाहिजे, मांस पाहिजे. आजोबांच्या धाकट्या भावाला त्या संशयावरून चावडीसमोर बांधून घातले होते. बैल घटसर्पाने मेला होता, पण मढ्याजवळ सापडले होते ते आम्ही! आक्काच्या टाकीतल्या किड्यावर जो आळ आला, तोच हा आळ. एवढे सांगितल्यावर आक्का पहिल्यांदा हसली.

ती गिधाडे आता आमच्या गावच्या माळावर नाहीत. नव्वदीच्या दशकात ती जी गेली, ती कुठे गेली म्हणून लोक विचारू लागले. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडे माना टाकून मरताना पाहिली, मोजली. 1992 साली जितकी पांढऱ्या पाठीची गिधाडे दिसत, त्यातली 2007 पर्यंत हजारात एक उरली. साथ असेल, शेतातले विष असेल, असे अनेक तर्क झाले. कारण सापडले पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली तर काळीज-मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर. यूरिक आम्ल साठलेले, मूत्रपिंड निकामी. 2004 साली त्यांनी प्रसिद्ध केले की याला डायक्लोफेनॅक हे औषध जबाबदार आहे. अंगदुखीवर आपण घेतो तेच. जनावराच्या सांधेदुखीवर, सुजेवर डॉक्टर ते टोचत. जनावर त्यातून वाचले नाही तर औषध मांसात राही, आणि गिधाडाला त्याचा अंशही पचत नाही. शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढे औषधाचे असले तरी गिधाडांची सगळी जात खचायला ते पुरेसे होते, असे गणिताने दाखवले गेले. एकेका मढ्यावर पन्नास-पन्नास पक्षी जेवत असत, म्हणून असे झाले.

2006 साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मागच्या दाराने गोठ्यात जात होत्या, म्हणून 2015 साली इंजेक्शनच्या कुपीवर 3 मिलिलिटरची मर्यादा आली. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांना बाधत नाही. ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी राखली, त्यांच्यासाठी मेलेली जनावरे आणून टाकली.

गिधाडे गेल्यावर मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी बिघडले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2024 साली अंदाज मांडला, की ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती तिथे 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. अंदाज तो अंदाज, पण आपल्या मुलाच्या टाकीत तेच घडले. खाणारे काढले आणि विष वर आले.

मग आक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खाणारे हवेत, तर बाने का सोडले?

गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की फाशीच्या रोगाचे, ज्याला इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात त्याचे, जंतू असलेले मांसही ते पचवते. डोक्या-मानेवर पिसे नाहीत, म्हणजे घाण चिकटत नाही. केसाळ किड्याला चिखलातून वास घेण्याची इंद्रिये आहेत. त्यांचे शरीर त्या कामासाठी घडले. आक्काच्या बाचे शरीर आपल्या सगळ्यांसारखेच होते. फाशीने मेलेले ढोर फाडणाऱ्याच्या हाताला काळपुळी उठते आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. आपल्या आधीच्या पिढ्यांत अशी किती माणसे गेली, कोणी मोजली? गिधाडे मोजायला निदान विभू प्रकाश होते.

आणि दुसरी गोष्ट. खेकड्याला कोणी सांगावा धाडला नाही. एक दिवस तो मेलेला मासा सोडून शेवाळ खायला गेला तर बाकीचे मासे त्याचे पीठ-मीठ बंद करीत नाहीत. बावर ते काम जन्माने घातले होते, वतन म्हणून, कायद्याच्या कागदावर. ‘हा निसर्गाचा सफाईचा नियमच आहे, कोणीतरी हे करायलाच हवे’ असे म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांना विचारावे, की मग हे कोणीतरी म्हणजे नेहमी आम्हीच का? मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचे मांस सोडा म्हणून सांगितले. 1928 साली महार वतनाविरुद्ध कौन्सिलात बिल मांडले. ते वतन प्रत्यक्ष संपायला 1958 चा कायदा यावा लागला, तेव्हा बाबासाहेब नव्हते. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी या विषयाची आठवण काढली होती. मेलेली ढोरे सोडल्याने तुमच्या लोकांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब कोणी मांडला होता. तर ते काम तुम्ही करा, वर पाचशे रुपये आम्ही देतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. साठ वर्षांनी, जुलै 2016 मध्ये, गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना मारहाण झाली. तेव्हा तिथल्या पुष्कळ लोकांनी मेलेली जनावरे उचलायचे बंद केले, आणि ती सरकारी कचेऱ्यांपुढे नेऊन टाकली.

कृष्णेला 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर होते, हे आपण सर्वांनी पाहिले. पूर ओसरल्यावर गोठ्यांत बांधलेली, गळ्यात दावे तसेच राहिलेली गाई-म्हशींची मढी फुगून पडली होती. ती उचलायला जी माणसे आली, त्यांच्या हातमोज्यांकडे आम्ही पाहिले. काहींच्या हातात होते, काहींच्या नव्हते. यंत्र आले, जेसीबी आला, पण यंत्र पोहोचत नाही त्या बोळात माणूसच गेला. तो कोणत्या वस्तीतला होता हे विचारायची आम्हाला गरज पडली नाही. मार्च 2023 मध्ये अंकलीकडे नदीत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हाही तसेच. नदीत खेकडे आहेत, कासवे आहेत, मगरीसुद्धा आहेत, वर घारी आहेत. पण पाण्यातला प्राणवायूच संपला की खाणारेही गुदमरतात किंवा पळतात. टाकीतले निम्मे पाणी आपण बादलीने बदलले, नदीचे कसे बदलणार? यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज लांबवत नाही.

भन्तेजी समोर बसले आहेत म्हणून भीतभीतच एक सांगतो. सतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या देहाच्या नऊ अवस्थांवर चिंतन सांगितले आहे. फुगलेला देह, कावळे-गिधाडे-कुत्री-किडे खात असलेला देह, मग हाडे, मग चुरा. भिक्खूने पाहायचे आहे आणि म्हणायचे आहे की हा माझा देहही असाच होणार. तिथे खाणाऱ्या किड्याला शिवी नाही. तिबेटात आजही कित्येक बौद्ध आपले मृत देह डोंगरावर गिधाडांना देतात, आणि ते शेवटचे दान मानतात. आम्ही आक्काला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “दिऊंद्या. पर उचलून कोन नेतंय त्ये बी इचारा.” आम्ही विचारले नव्हते. पुस्तकात पाहिले, तर तिथेही देह कापून देणारे वेगळे लोक असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना समाजात मान नसतो. आक्का शाळेत गेलेली नाही, हे इथे नमूद करतो.

आता टाकीचे सांगून संपवतो, कारण मुले चुळबुळ करू लागली आहेत.

मुलाने दुकानातून दोन शंखखेकडे परत आणले. नासारियस नावाच्या सहा गोगलगायी आणल्या. या दिवसभर वाळूत गाडून घेतात, फक्त सोंडेसारखी नळी वर असते. मेलेल्याचा वास आला की वाळूतून एकदम सगळ्या वर येतात. केसाळ किडे मात्र दुकानात मागून मिळेनात, लोक फुकट टाकून देतात त्यांना. शेवटी त्याच्या टाकीतच मागच्या खडकात दोन उरलेले निघाले. रोज सकाळी त्याने मासे मोजायचे, एखादा कमी असला आणि हाताला लागला तर जाळीने काढून घ्यायचा, नाही लागला तर घाबरायचे नाही, असे ठरले आहे. खाणे कमी टाकायचे, आणि पुन्हा गोबी आणायचा नाही. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घेतला आहे.

आक्काने टाकीला परवानगी दिली, पण अट घातली. ती जेवायला बसते त्या पाटाच्या समोर ती नको. म्हणून टाकी आता आतल्या भिंतीला हलवली आहे, चार माणसे लागली हलवायला. किडा तिला अजून आवडत नाही. आवडलाच पाहिजे असे आम्हीही म्हणत नाही. पण रात्री झोप येत नाही तेव्हा ती बॅटरीवर लाल कागद लावून बघत बसते. लाल उजेडात किडे बुजत नाहीत, हे नातवाने तिला शिकवले. परवा तिनेच निरोप पाठवला, “गुर्जी, आता तीन झाल्यात.”

ज्या मुलांना बघायला जायचे आहे, त्यांनी रविवारी रात्री साडेआठनंतर जावे, आधी नाही, कारण दिवे मालवल्याशिवाय किडे बाहेर येत नाहीत. पाच-पाच जणांनी आत जावे. चपला बाहेर काढाव्यात, काचेवर टिचक्या मारू नयेत, पाण्यात हात घालू नये. आणि आक्काला बाच्या गोष्टी विचाराव्यात, ती सांगते.

जयभीम. नमो बुद्धाय.